बर्नआउट की डिप्रेशन? मेडिकलच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न: मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली दोन वर्षं चांगल्या मार्कांनी पास झाले. गेले चार-पाच महिने वाचलेलं डोक्यात राहत नाही, एकच पान चार-चार वेळा वाचते. वॉर्डात पेशंटसमोर उभी असते, पण आतून काहीच वाटत नाही. मध्ये दहा दिवस सुट्टी होती. घरी जाऊन नुसती पडून राहिले, तरी बरं वाटलं नाही. पहाटे चारला जाग येते. (कधी कधी वाटतं, जाताना छोटासा अपघात झाला तर निदान पोस्टिंगला जावं लागणार नाही.) बॅचमधले सगळे हेच करताहेत, मग मलाच का जमत नाही? हे बर्नआउट आहे, डिप्रेशन आहे, की मी या फील्डसाठी नाहीच?

उत्तर:

तू कंसात टाकलेल्या वाक्यापासून सुरुवात करते. बाकीचं सगळं चार दिवस थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं मेडिकलची मुलं, इंटर्न आणि रेसिडेंट यांना तपासते आहे, शिकवतेही आहे. या मुलांची एक सवय मला आता पाठ झाली आहे. झोप, मार्क, डोकेदुखी असं सगळं सांगून होतं, ती उठतात, आणि दाराची कडी हातात धरून खरी गोष्ट सांगतात. तू ती कंसात लिहिलीस.

‘अपघात झाला तर बरं’, ‘ताप येऊन आठवडाभर ॲडमिट व्हावं’, ‘सकाळी जागच आली नाही तर सुटले’, या सगळ्या विचारांचं मूळ एक आहे. त्या माणसाला मरायचंच असतं असं नाही. त्याला आहे त्यातून सुटायचं असतं, आणि ‘मला जरा थांबू द्या’ असं तोंडाने म्हणायची सोय उरलेली नसते. मग ती परवानगी अपघाताकडे मागितली जाते. बहुतेकांच्या बाबतीत हा विचार इथेच थांबतो. पण ज्यांचा पुढे जातो, त्यांचाही अनेकदा इथूनच सुरू झालेला असतो. म्हणून तो कितीही सहज आला तरी मी तो सोडून देत नाही.

तू समोर असतीस तर सरळ विचारलं असतं, तसंच इथे विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, हे ठरवलं आहेस का? त्यासाठी काही जमवून ठेवलं आहेस का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचू नकोस. रूममेटला उठव, घरी फोन लाव किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर बोल, आणि कुणाला तरी सोबत घेऊन आत्ता कॅज्युअल्टीत जा. ज्या दारातून पेशंट आत आलेले तू पाहिलेस त्याच दारातून, तितक्याच हक्काने. खोलीत असतील नसतील ती औषधं दुसऱ्याच्या ताब्यात दे. तुमच्या बाबतीत मी यावर फार जोर देते, कारण औषधं तुमच्या हाताशी असतात आणि त्यांची माहितीही असते. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ साधन दूर राहिलं आणि माणूस जवळ राहिला, तर ती ओसरते.

असं थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती डॉक्टरांनाही वाटते. संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना हलकं वाटतं. उद्या तुला एखाद्या मैत्रिणीबद्दल शंका आली तर तूही याच शब्दांत विचार.

तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तरी याच आठवड्यात कुणाला तरी दाखवायचं आहे. का, ते सांगते.

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली कुठल्याही थकव्याला लावतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली तो मांडला, तेव्हा त्याच्यासमोर न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणारी, मनापासून काम करणारी माणसं होती. पुढे १९८१ साली क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी त्याची मोजपट्टी तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: भावनिकदृष्ट्या पार रिकामं झाल्यासारखं वाटणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. डिप्रेशन मात्र आजार आहे. दोन्ही एकत्र असू शकतात आणि बऱ्याचदा असतात. तरी फरक ओळखावा लागतो, कारण पुढची वाट त्यावर ठरते.

दोन मुलांबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिला इंटर्न होता. लागोपाठच्या नाइट ड्युट्यांपैकी एका रात्री त्याच्यासमोर एक बाई गेल्या. त्याने ईसीजी काढला, सरळ रेघेची पट्टी फाडून फाइलला लावली, वेळ लिहिली. बाहेर नातेवाइकांचा आक्रोश सुरू झाला होता, आणि याच्या मनात आलं की बेड रिकामा झाला, म्हणजे आता अजून एक ॲडमिशन येणार. “मॅडम, मला वाईट वाटलं नाही, मला बेडचा हिशोब आला,” असं म्हणाला आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला. त्याला भीती होती की तो माणूस म्हणून संपला. मी त्याचं सगळं तपासलं. ड्युटी नसेल त्या दिवशी तो बारा-बारा तास झोपायचा आणि उठल्यावर मित्रांत रमायचा, क्रिकेट बघायचा. शिक्षा वाटत होती ती फक्त वॉर्डात पाऊल टाकताना. त्याला गोळी द्यावी लागली नाही. युनिटमधल्या वरिष्ठांशी बोलून सलग नाइट थांबवल्या, झोप भरून निघू दिली, आणि त्या रात्रीबद्दल तो तीन-चार वेळा माझ्याशी नीट बोलला. दीड महिन्यात त्याला पेशंटची नावं पुन्हा लक्षात राहू लागली. आधी त्याच्यासाठी ते सगळे बेड नंबर झाले होते.

दुसरी मुलगी हुशार, व्हायवात डिप्रेशनची नऊ लक्षणं घडाघडा म्हणणारी. काही महिन्यांनी तीच ओपीडीत माझ्यासमोर बसली होती. फोनमध्ये पाच, पाच-दहा, पाच-वीस असे सात अलार्म लावलेले. मी विचारलं, “उठवतात का?” ती म्हणाली, “मी चारपासून जागीच असते. ते वाजले की एकेक बंद करते.” मी तिच्यासमोर पीएचक्यू-९ या डिप्रेशन तपासायच्या प्रश्नावलीचा कागद ठेवला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायची. पहिले दोन प्रश्न तिने पटकन सोडवले. सहाव्यावर, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, आपण अपयशी आहोत असं वाटतं का, तिथे पेन थांबलं. “पण मॅडम, हे तर खरंच आहे ना? मी खरंच नालायक आहे. हे लक्षण कसं धरायचं?” एकोणीस गुण आले होते. तिच्याच तोंडून मी ती नऊ लक्षणं ऐकली होती, आणि तिला ती स्वतःत दिसत नव्हती. या आजारात हे होतं. स्वतःची लायकी मोजायचं यंत्रच बिघडतं आणि माणूस त्याच यंत्रावर विश्वास ठेवून निर्णय घेतो.

तू आता तुझं लिहिलेलं परत वाच. दहा दिवस कॉलेज नव्हतं, वॉर्ड नव्हता, तरी फरक पडला नाही. निव्वळ बर्नआउट असतं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडं तरी माणसात आल्यासारखं वाटलं असतं. त्यात चार-पाच महिन्यांचा काळ, पहाटे लवकर उडणारी झोप, न टिकणारी एकाग्रता आणि ते कंसातलं वाक्य. निदानासाठी दोन आठवड्यांचा काळ पुरेसा धरतात, तुझे महिने झाले. समोर बसवून तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही, पण माझा कल स्पष्ट आहे: हे डिप्रेशन असण्याची शक्यता बरीच आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्याला थकवा समजून आणखी एका सुट्टीची वाट पाहू नकोस.

“बॅचमधले सगळे करताहेत.” तुझ्या बॅचमध्ये काय चाललंय ते तुला दिसत नाही, कारण तेही तुझ्यासारखेच एप्रन इस्त्री करून येतात. २०१६ साली जामा या नियतकालिकात त्रेचाळीस देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात मेडिकलच्या २७.२ टक्के विद्यार्थ्यांत डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं होती आणि ११.१ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. यातले बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर आधारलेले, त्यामुळे या सगळ्यांना आजारच होता असं म्हणता येत नाही. तरी शंभर जणांच्या लेक्चर हॉलमध्ये अकरा जण म्हणजे जवळजवळ एक आख्खा बाक. आणि ज्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं आढळली त्यांच्यापैकी उपचार घेणारे होते फक्त १५.७ टक्के. मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा शेवटचा आकडा. उपचार करणाऱ्यांच्याच घरात ही स्थिती आहे.

‘मी कमकुवत आहे का’ याचंही उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेडिकलला नुकताच प्रवेश घेतलेल्यांची त्याच वयाच्या इतर पदवीधरांशी तुलना केली. बर्नआउट आणि डिप्रेशनची लक्षणं मेडिकलवाल्यांमध्ये कमी निघाली. म्हणजे ही मुलं येताना इतरांपेक्षा बरी असतात. आत आल्यावर जे होतं त्याचं कारण आत शोधायला हवं. अपुरी झोप, न संपणारा पोर्शन, सतत कुणीतरी मार्क देत असणं, विशी-एकविशीत पाहिलेले मृत्यू ज्यांच्याबद्दल नंतर कुणी एक शब्द बोलत नाही. आणि राउंडवर पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर केलेला पाणउतारा. आम्हालाही असंच शिकवलं, म्हणून आम्हीही तसंच शिकवतो, हे समर्थन मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यावर गप्प बसणं मला जमत नाही. भीतीने पाठ झालेलं उत्तर परीक्षेपुरतं टिकतं, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायची हिंमत त्या मुलाच्या मनातून कायमची जाते. उद्या ड्युटीवर एकटा असताना त्याला तेच वाक्य बोलता यायला हवं असतं.

वर्षातून एकदा ताण कसा हाताळावा यावर व्याख्यान ठेवायचं आणि ड्युट्यांचा तक्ता आहे तसाच ठेवायचा, याचा मला राग येतो. प्राणायाम, व्यायाम चांगलेच आहेत. पण छत्तीस तास जागं ठेवून श्वासावर लक्ष द्यायला सांगणं हा उपाय नाही. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी खालावते, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाने सुरुवातीच्या वर्षांसाठी श्रेणी काढून फक्त पास-नापास ठेवलं, तास कमी केले, मुलांचे छोटे गट बांधले. तिथे डिप्रेशन आणि चिंतेची लक्षणं कमी झाली. रचना बदलली की मुलं बदलतात. पण ती बदलेपर्यंत तुला थांबवून ठेवायचं नाही, म्हणून आता तुझ्यापुरतं.

आधी कुणाकडे जायचं ते. तुझ्याच कॉलेजातल्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर बाहेर जा. जी व्यक्ती उद्या तुझी व्हायवा घेणार आहे तिने तुझ्यावर उपचार करू नयेत, असं माझं स्वतःचंही मत आहे. पहिल्याच भेटीत विचार, “हे कुणाला कळणार? कुठे नोंद होणार?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. जिवाला धोका असेल तर गोपनीयतेला अपवाद करावा लागतो, हेही तो तेव्हाच सांगेल.

तिथे तुला काय विचारतील याचीही कल्पना देते. झोप, भूक, पाळी, वजन, घरात कुणाला असा त्रास झाला आहे का, दारू किंवा जागं राहायच्या गोळ्या घेतेस का. रक्त तपासायला सांगतील, कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांची गडबड डिप्रेशनचं सोंग घेऊ शकते. आणि एक प्रश्न नक्की विचारला जायला हवा; नाही विचारला तर तू आपणहून सांग. आजवर कधी असे दिवस आले होते का, की तीन-चार तास झोपूनही अंगात भरपूर ताकद होती, डोकं भराभर धावत होतं, बोलणं थांबत नव्हतं, खर्च वाढला होता? बायपोलर आजार, म्हणजे ज्यात मन कधी असं चढतं आणि कधी खचतं, तो बऱ्याचदा याच वयात सुरू होतो, त्याची पहिली खेप डिप्रेशनसारखीच दिसते, आणि त्यात नुसत्या अँटीडिप्रेसंटने प्रकरण बिघडू शकतं. मित्राची चिठ्ठी बघून स्वतःच गोळी सुरू करू नकोस असं मी जीव तोडून सांगते त्याचं हे मुख्य कारण. दुसरं कारण झोपेच्या गोळ्या. सॅम्पलच्या पाकिटातून सुरू झालेली अल्प्राझोलाम सोडवायला मला कधी कधी डिप्रेशनपेक्षा जास्त वेळ लागला आहे.

आजार सौम्य असेल तर बोलण्याच्या उपचारांनी, म्हणजे सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) वगैरेंनी, भागू शकतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर सोबत गोळी लागते, बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनच्या गटातली. पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळ, थोडी अस्वस्थता जाणवेल. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण कळायला सहा ते आठ. या मधल्या काळात मुलं गोळी सोडतात, कारण त्रास आधी सुरू होतो आणि गुण नंतर. पंचवीस वर्षांखालच्यांनी सुरुवातीच्या आठवड्यांत आणखी लक्ष ठेवायचं. बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या एकदम बंदही करायच्या नाहीत. बरं वाटल्यानंतर किमान सहा महिने चालू ठेवायच्या.

रजा घ्यावी का, यावर माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे. त्या इंटर्नसारखा बर्नआउट असेल तर विश्रांतीने काम होतं. डिप्रेशनमध्ये उपचार सुरू न करता नुसती रजा घेऊन खोलीत पडून राहिलं तर आजार वाढतो. तुझे दहा दिवस हेच सांगतात. आधी उपचार, मग डॉक्टरांशी बोलून रजेचं ठरवायचं. गरज पडली तर एक टर्म मागे राहिलीस तरी चालेल. पाच वर्षांनी ते कुणी विचारत नाही, हे मी माझ्या मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांकडे बघून सांगते. त्यातले काही आज उत्तम फिजिशियन आहेत.

अभ्यासाचं म्हणशील तर सध्या पोर्शन विसर. वाचलेलं डोक्यात न राहणं हे लक्षण आहे, त्यावर जास्त तास बसून उपाय होत नाही. उठायची वेळ एकच ठेव. दिवसाउजेडी अर्धा तास चाल, मन नसलं तरी. या आजारात आधी पाय हलतात आणि मन मागून येतं. रोज वॉर्डातला एकच पेशंट घे, त्याची हिस्ट्री नीट ऐक, आणि संध्याकाळी फक्त त्या आजाराची दोन पानं वाच. पुस्तकातलं पान चौथ्यांदा वाचूनही जे राहत नव्हतं, ते समोरच्या माणसाच्या धापेसोबत राहतं.

घरी सांगताना निदानापासून सुरुवात करू नकोस. “आई, चार महिने मला झोप नाही, अभ्यास होत नाही, मी डॉक्टरांना दाखवणार आहे, तू सोबत येशील का?” एवढं पुरे. बरेच आईवडील ‘डिप्रेशन’ या शब्दाला घाबरतात, पण ‘झोप नाही’ हे त्यांना लगेच कळतं. आणि कुणी म्हणालंच की डॉक्टर होणारीने असं खचून कसं चालेल, तर जिनिव्हा जाहीरनाम्याबद्दल सांग. जगभरातल्या डॉक्टरांच्या या शपथेत २०१७ साली दुरुस्ती झाली. रुग्णाला उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देईन, अशी ओळ त्यात घातली गेली.

शेवटचा तुझा प्रश्न, ‘मी या फील्डसाठी नाहीच का?’ याचं उत्तर मी आज देणार नाही आणि तूही देऊ नकोस. ज्या यंत्रावर सध्या भरवसा ठेवता येत नाही, त्याने हा निर्णय घ्यायचा नाही. उपचार सुरू होऊन तीन-चार महिने होऊ देत, झोप सहा वाजेपर्यंत लागू दे, मग हाच प्रश्न पुन्हा काढ. तेव्हाही नको वाटलं तर सोडायला काहीच हरकत नाही. मेडिकल सोडून सुखी झालेली मुलंही मी पाहिली आहेत.

अपॉइंटमेंट आजच घे, फोनवर बोलायला जड जात असेल तर मैत्रिणीला घ्यायला सांग. जाताना तुझा प्रश्न जसाच्या तसा कागदावर उतरवून ने. फक्त क्रम बदल: कंसातलं वाक्य सगळ्यात वर लिही, आणि कंस काढून टाक.